घरचा कौल

"तुमीच लावा, बाबा," अक्षदा म्हणाली. "मालोजीकाकाला कशाला बोलवायचं?"

भिवाजी गुरव गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी थबकला. गावदेवीला कौल लावायचा मान त्याच्या घराण्याकडे होता. देवीच्या ओल्या दगडी अंगावर तगरीच्या दोन कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि जी कळी आधी पडेल तो देवीचा शब्द. पण घरचा कौल घरच्यानं लावू नये, असा रिवाज. त्यासाठी दहिवलीहून भाऊबंद मालोजी यायचा.

"तसं चालत नाय गं."

"मला तुमच्याच हातचा हवा."

बारावीनंतर अक्षदाचं नाव पुण्याला लागलं होतं, अर्थशास्त्राच्या पदवीला, वसतिगृहासकट. नाहीतर कर्जतचं कॉलेज. सकाळी जायचं, दुपारी घरी. शिळफाट्याच्या बाजारात वाडीवरच्या बायका करवंदं घेऊन बसत, तेव्हा ही एवढीशी पोर विचारायची, सकाळचा भाव दुपारी का उतरतो, आणि उतरवतो कोण? भिवाजी हसून म्हणायचा, देवीला विचार. आता ते शिकवणारं ठिकाण पुण्यात होतं.

बायको गेल्यापासून घरात दोघंच. त्यानं जा म्हटलं नाही, जाऊ नको असंही म्हटलं नाही. काल संध्याकाळी ती कर्जतहून आली, मोबाईल बाजूला ठेवला, आणि म्हणाली, देवीलाच विचारू.

उजवी कळी पुणं, डावी कर्जत.

भिवाजीनं देवीला पाणी घातलं. उजवी कळी दाबताना अंगठ्याबरोबर गंधाचा घट्ट ठिपका तिच्याखाली गेला. उभ्या जन्मात त्यानं असं केलं नव्हतं. कौलाला माणसं देवीवर डोळे लावून बसतात. अक्षदा त्याच्या हातांकडे बघत होती. गाऱ्हाणं घालताना त्याचा आवाज कापला. लेकीच्या काळजीनं कापतोय असंच तिला वाटेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

डावी कळी पडली.

"कर्जत," अक्षदा म्हणाली. वाकून नमस्कार केला, आणि घरी जाऊन भाकऱ्या थापायला बसली.

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही. कर्जतला नाव घालून आली, तिथले सर चांगलं शिकवतात म्हणाली, येताना त्याच्यासाठी वाल घेऊन आली. तिचं एकेक चांगलं वागणं त्याला चटका देऊन जाई. सकाळी पूजेला बसला की सहाणेवरच्या गंधाचा वास यायचा आणि हात देवीच्या कपाळापाशी अडायचा.

त्यानं कौल लावणंच सोडलं. हात दुखतो म्हणू लागला. म्हशीचा कौल लावायला आलेली वाडीवरची कोंडी आल्या पावली परतली, पण जाता जाता टोमणा मारून गेली, "देवी बोलंना झाली, का गुरव बोलंना झाला?"

मंगळवारी त्यानं पाण्याचा घोटही घेतला नाही. दिवेलागणीला देवीपुढे वात लावली आणि तसाच घरी आला. अक्षदा ओसरीवर भिजलेले वाल सोलत होती.

"पुण्याची मुदत उद्यापर्यंत हाय ना?"

"असंल."

"मग सकाळच्या गाडीनं जाऊ."

"देवीनं कर्जत सांगितलंय ना, बाबा?"

"देवी बोललीच नाय." त्याची मान वर होईना. "उजव्या कळीखाली मी गंध लावलं. तू गेल्यावर हे घर मला खायला उठलं असतं गं. म्हणून देवीच्या अंगाला हात लावून खोटं केलं."

अक्षदानं हातातला वाल सोलून ताटलीत टाकला. मग दुसरा घेतला. तिचा आवाज चढला नाही.

"बघितलं मी. पुण्याची जागा तर मी कौलाच्या आदल्या दिवशीच सोडली होती, बाबा. तुमाला एकटं टाकून मलाच जायचं नव्हतं. कौल देवीला नव्हता लावला. तुमाला लावला होता."