खुंटी मागे

भट्टीवाल्या काकांनी एका बोटाने तारीख दाबली, आणि भिंतीएवढ्या पडद्यावर त्यांच्या खात्याची हिरवी पट्टी लाल झाली.

नव्या सॉफ्टवेअरचा पहिला दिवस होता. हॉलच्या खिडक्या झाकलेल्या, आणि कारखान्याचे सगळे खातेप्रमुख समोर लॅपटॉप घेऊन परीक्षेला बसवल्यासारखे बसलेले. सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचा टायवाला खुशीत म्हणाला की बघा, कोण मागे पडलंय ते एका नजरेत कळतं. मोठ्या साहेबांना कळलं. पहिल्या दिवशी जे खातं लाल दिसेल त्याचं काम बाहेर देऊन टाकायचं, हे त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. भट्टीचं अस्तर तडकलं होतं, ओतकाम लांबणार होतं. काकांना खोटी तारीख टाकता आली असती. पण या माणसाला खोटं बोलायचं म्हटलं की खोकला येतो.

ताई पडद्याच्या कडेला उभी होती. नियोजन खात्याची प्रमुख तीच, आणि हे सॉफ्टवेअर निवडलेलंही तिनेच. निवड समितीतल्या बाकीच्यांनी ज्याचा नाश्ता बरा त्याचं सॉफ्टवेअर बरं, अशा हिशेबाने मतं दिली होती. हिने मात्र डोळे फोडून एकेक तपासलं होतं. कारखान्याच्या सगळ्या खात्यांचं काम एका जागी दिसावं, एवढीच तिची इच्छा. आता दिसत होतं. काकांच्या खात्यातली माणसं घरी बसताना दिसत होती.

पडदा टांगला होता त्याच भिंतीवर पूर्वी लाकडी फळी होती. फळीला भोकांच्या रांगा, काम कुठवर आलं ते दाखवणारी प्रत्येक खात्याची आपापल्या रंगाची खुंटी, आणि दर सोमवारी सगळे तिच्यापुढे उभे. ताई तेव्हा ड्रॉइंग खात्यात नवी होती. तिचं काम रखडलं, खुंटी मागे घ्यायची वेळ आली, आणि हात काही वर जाईना. तेव्हा काका पुढे झाले, त्यांनी स्वतःची खुंटी उपटली आणि एक भोक मागे खोचली. मग यंत्रशाळेच्या दादाने. मग रंगखात्याच्या मावशीने. कारखान्याची रीतच होती ती. एकाची खुंटी मागे गेली की शेजाऱ्यांनी आपापलीही मागे घ्यायची, आणि जेवणानंतर आपली दोन-चार माणसं त्याच्या मदतीला धाडायची. साहेब लोक येऊन विचारायचे, कोण मागे आहे? फळीकडे बघून त्यांना काही कळायचं नाही. फार गोडीगुलाबीचं होतं असंही नाही. शिव्या असायच्या, टोमणे असायचे. मावशी तर दादाला 'आळशांचा राजा' म्हटल्याशिवाय खुंटीला हातच लावायची नाही. पण माल वेळेवर जायचा. फळी समितीला जुनाट वाटली आणि भंगारात गेली. ती काढून टाकायच्या कागदावर ताईचीही सही होती.

साहेबांनी काकांकडे न बघता विचारलं की बाहेर ओतकाम कोण करतं, भाव मागवून घ्या. काका गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते, फोटोला बसतात तसे.

तेवढ्यात पडद्यावर आणखी एक पट्टी लाल झाली. यंत्रशाळेची. दादा लॅपटॉपमधून मान वर काढेना. मग रंगखात्याची झाली. साचेखान्याचा मुका, ज्याला मुका म्हणत कारण तो कधी गप्प बसत नसे, आज एक अक्षर न बोलता कळा दाबत होता. क्रेनवाल्याला तारीख लांबवायला पट्टी ओढायची कशी तेच येईना. मावशीने वाकून ती ओढून दिली आणि त्याला हळूच गाढवही म्हटलं. बघता बघता पडदा वरून खाली लाल होत गेला.

टायवाल्याला घाम फुटला. सिस्टीममध्ये काहीतरी बिघाड दिसतोय, तो पुटपुटला.

"बिघाड नाही," ताई म्हणाली. "सगळं बरोबर चाललंय."

साहेब उठले. इतक्या वर्षांत कारखाना त्यांना जेवढा कळला नव्हता तेवढा त्या घटकेला कळला असावा, कारण त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. मॅडम, ते म्हणाले, सगळ्यांच्या सकाळच्या तारखा परत आणा, भट्टीची तेवढी राहू द्या, आणि तारखांना कुलूप लावा. ते तुमच्याच हातात आहे ना? होतं. सॉफ्टवेअर निवडताना तिनेच ती सोय हट्टाने मागून घेतली होती.

टायवाल्याने माउस तिच्याकडे सरकवला.

"लाव पोरी," काका म्हणाले. "तुझी नोकरी आहे."

ताईने माउस हातात घेतला. पडद्याच्या तळाशी एकच पट्टी हिरवी राहिली होती, तिच्या स्वतःच्या खात्याची. काम, नवं सॉफ्टवेअर सुरू करणे. मुदत, आज. तिने ती पट्टी धरली आणि ओढत ओढत पडद्याच्या कडेपर्यंत नेली.

हिरवं असं काही उरलं नाही. त्या अंधारलेल्या हॉलमध्ये साहेबांचा पांढरा शर्टही लाल दिसू लागला.