आवाज आला की हां म्हणा

शत्रुघ्नने सवयीने मशीनच्या नॉबला हात घातला. नॉब गरगर फिरला, आकडा जागचा हलला नाही.

"काका, हात नाय लावायचा," रीमा त्याच्या कानाशी ओरडली. "ते आता पुण्यावरून चालतंय."

वसई पूर्वेच्या त्या गाळ्यात लाऊडस्पीकर बनतात. सिग्नल जनरेटर नावाचं ते मशीन स्पीकरमध्ये आवाज सोडतं, आणि कुठला स्पीकर घरघरतोय ते शत्रुघ्न सांगतो. बावीस वर्षं तेच काम. शेवटची चारेक वर्षं मात्र कानाने नाही. नॉब आपणच फिरवायचा, बोट स्पीकरच्या कडेला टेकवायचं, घरघर बोटाला कळायची. गाळ्यात प्रेस धडधडतात, सगळेच ओरडून बोलतात, म्हणून कुणाला पत्ता नव्हता. एक रीमा सोडून. ती त्याच्याच गावची, गासची.

आज प्रेस बंद होते. ऑफिसला कान तपासायचे होते. वीस आवाज, पंधरा ओळखले तर नोकरी, नाहीतर सोमवारपासून घरी. पुण्यातला कौस्तुभ लॅपटॉपवरून मशीन चालवणार. टेबलाच्या टोकाला रीमाचा फोन, त्याचा स्पीकर चालू करून ठेवलेला.

"आवाज आला की हां म्हणा काका, बस," फोन म्हणाला. रीमाने तेच मोठ्याने सांगितलं.

"येवढंच? लगीन लागताना पन मी येवढंच बोललेलो."

टेबलाखाली रीमाची चप्पल त्याच्या बुटाला लागून होती. मोठ्या आवाजाला जोरात दाब, बारीक आवाजाला हळू.

"हां." मग परत, "हां." सातव्याला शत्रुघ्नने मान कलती केली. "हां. हा जरा बारीक होता."

"काय कान आहेत काका तुमचे!" कौस्तुभ हसला.

बारा झाले. बाराही बरोबर. आणि मशीनवरचा हिरवा दिवा गेला.

"एक मिनिट," फोनमधून आलं. "मशीनचं नेट तुटलंय. माझ्याकडून काहीच जात नाहीये. रीमा, मागची वायर बघ ना."

रीमा घाईने उठली. उठताना तिचा पाय त्याच्या बुटावर पडला.

"हां," शत्रुघ्न म्हणाला.

रीमा मशीनच्या मागे वाकली होती, तशीच राहिली, हातात वायर धरून. ओरडून सांगावं तर पुण्याला ऐकू जाणार.

"काका?" कौस्तुभ म्हणाला. "काका, मी आत्ता काय बोललो, ऐकलंत ना?"

शत्रुघ्न ताठ बसून स्पीकरच्या जाळीकडे बघत होता. टेबलाखाली त्याचा बूट हळूच इकडे सरकत होता, तिकडे सरकत होता, तिची चप्पल शोधत.