मालनचं पाप

"एक माणूस कमी आहे," रितेश म्हणाला, आणि तो कमी असलेला माणूस आपला नवरा विठू आहे हे कळल्यावर मालनला आधी बरंच वाटलं.

मग ती दचकली. देवाच्या दारात उभं राहून असलं वाटून घ्यायचं म्हणजे काय? देव दुसऱ्यांचा असला म्हणून काय झालं?

मिलानचं ते मोठं चर्च नुकतंच उघडलं होतं. उशीर केला तर रांग लागते म्हणून टूरवाल्या रितेशने रत्नागिरीच्या सगळ्या मंडळींना अंधारात उठवून, चहाही न देता इथं आणून उभं केलं होतं. आत मालनच्या दाभोळची अख्खी मासेमारांची आळी होड्यांसकट मावली असती. खांब एवढे जाड, की एकेकामागे एकेक विठू हरवावा. मंडळी माना वर करकरून मोबाईल उगारत होती.

"सापडतील काका. दारावर सांगून ठेवलंय," रितेश म्हणाला. "आम्ही छतावर जाऊन येतो. तुमचे गुडघे दुखतात ना काकी, तुम्ही इथंच थांबा. हलू नका."

मंडळी जिन्याकडे वळली तशी मालन हलली. भिंतीशी एक कोरीव लाकडी कपाट होतं, माणूस मावेल एवढ्या देव्हाऱ्यासारखं. ते कसलं, हे रितेशने मघाशीच सांगितलं होतं. मधल्या भागात पडद्याआड फादर बसतात, माणूस बाजूच्या कप्प्यात येतो, जाळीतून आपली पापं सांगतो, आणि फादर ती कुणाला म्हणजे कुणाला सांगत नाहीत. मालनला ही सोय फार आवडली होती. दाभोळात नळावर बोललेलं संध्याकाळपर्यंत खाडीपलीकडे अंजनवेलला पोचतं.

पडदा ओढलेला होता. आतून जड श्वास ऐकू येत होता. एवढ्या सकाळी ड्यूटीवर हजर! मालनला फादरचं कौतुक वाटलं. बाजूच्या कप्प्यात गुडघे टेकायला फळी होती. तिचे गुडघे टेकण्यापलीकडचे, त्यामुळे ती फळीवर सरळ बसलीच आणि जाळीला तोंड लावलं. गोऱ्या फादरना मराठी कळणार नव्हतं. म्हणून तर ती बोलली.

"फादर, मी मालन. आमचे हे बोटीवर सारंग होते, खलाशांचे मुकादम. गेल्या शिमग्याला नोकरी सोडून कायमचे घरी आले. माणूस वाईट नाय. दारू नाय, हात उगारणं नाय. तक्रार करायची तरी काय म्हणून? पण माझ्या डब्यांवर चिठ्ठ्या डकवल्यानी हो! मिठाच्या डब्यावर लिहिलंय, मीठ. मला काय मीठ कळत नाय?"

आतला श्वास एकदम हलका झाला. फादर ऐकतायत म्हटल्यावर मालनला जोर चढला.

"पहाटे उठून अंगण धुतात, डेक धुतात तसं. मी बाजारात निघाले की विचारतात, परत कधी येणार? हे समुद्रावर असताना मी घर बांधलं, विहीर पाडली, लेकीचं लग्न लावलं. तेव्हा कुणी विचारलं नाय. मासे मी घेते, घासाघीस हे करतात. मासेवाली येसूबाई आता मला बघितलं की टोपलीवर फडकं टाकते."

ती थांबली. पुढचं बोलायला जड गेलं.

"बोटीवर असायचे तेव्हा आठवण यायची हो. डोळे भरून यायचे. आता समोरच बसलेले असतात, आठवण येणार कशी? आज हरवले म्हणून कळलं आणि मला बरं वाटलं, फादर. सापडू देत. पण सावकाश सापडू देत, असं मनात आलं. हे माझं पाप."

आत कुणीतरी खोकलं. तो खोकला मालन चांगली ओळखत होती.

"मालन," पडद्याआडून आवाज आला. "मी हाय गो."

मालनने फळी घट्ट धरली. देवाचं एवढं मोठं घर, आणि लपायला जवळ एक खांब नव्हता.

"तिथं काय करताय तुम्ही?"

"पाय दुखायला लागले. पडदा दिसला, आत खुर्ची दिसली. बसलो नि डोळा लागला. आमच्या केबिनएवढीच जागा आहे ही."

"कुठपासून ऐकलंत?"

"डब्यांपासून."

कपाटाबाहेर एक गोरी म्हातारी नंबर लावून उभी राहिली होती आणि घड्याळ बघत होती.

"कंपनीचा दोनदा फोन येऊन गेला," विठू शेवटी म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली गेलेला मालनने कधी ऐकला नव्हता. "अजून एक ट्रिप करता काय म्हणून. तुला वाईट वाटेल, म्हणून नको म्हटलं त्यांना. पण घरात झोपच लागत नाय गो. घर हलत नाय. मग उठतो नि अंगण धुतो."

मालनने जाळीतून बघितलं. कानटोपी, मफलर आणि खाली घातलेली मान. फादरच्या खुर्चीत बसून पाप सांगत होता तो.

"मग आता करा फोन," ती म्हणाली.

"करू?" विठू एवढ्या मोठ्याने ओरडला की बाहेरच्या म्हातारीने छातीवर क्रूसाची खूण केली.

"किती महिन्यांचं असतं?"

"नऊ."

मालनने स्वेटरच्या बाहीने नाक पुसलं.

"सहाचं मिळतंय का बघा."