शंभर पोहणारे

जोराचा पाऊस झाला, की इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या आमच्या छोट्या किनाऱ्यावर सांडपाणी पाइपातून सरळ समुद्रात सोडतात. तिथे पोहून आलेली माझ्या शेजारणीची, केरेन्साची, लेक आठवडाभर इस्पितळात होती. ती घरी आल्यावर केरेन्सा पाणी तपासून घेण्यासाठी थेट पर्यावरण खात्याच्या कचेरीत गेली.

"बाई, आम्ही फक्त पोहण्याच्या किनाऱ्यांचं पाणी तपासतो," तिथले साहेब म्हणाले. "दिवसाला शंभर माणसं पोहताना मोजून दाखवा, मगच तुमचा किनारा त्यात धरू."

"त्या घाणीत कोण उतरेल हो? मी स्वतःच सगळ्यांना अडवते."

"मग आमचाही नाइलाज आहे."

शनिवारी सकाळी केरेन्साने आमचं दार वाजवलं. माझ्या नजरेला नजर न देता तिने विचारलं,

 

"मुलांना घेऊन पोहायला येतेस?"