चितपट झाला न्हाई
लोणीच्या जत्रेत दरवर्षी व्हिडिओ गेमच्या मारामारीची स्पर्धा भरे. मारामारी म्हणजे कुस्तीच, असं धरून कमिटीने पंच म्हणून संपत पैलवानांना बसवलं होतं. फायनलला वृषालीने गतविजेत्या अमृतच्या गड्याला अशी लाथ घातली, की तो पडद्यावर पालथा पडला आणि उठलाच नाही. विजेत्याचा मानाचा फेटा आजवर कुठल्याच पोरीला मिळाला नव्हता. तिने डोकं पुढे केलं. “थांब पोरी,” पैलवान म्हणाले, “पाठ टेकली न्हाई. चितपट केल्याबिगर फेटा न्हाई.” “आवो तात्या, टीव्हीतला गडी कवाच मेला की!” “मरू दे. पाठ दाव.” अमृत गालात हसला. वृषालीने चालू टीव्ही कवेत घेतला आणि वरची बाजू खाली करून टेबलावर उलटा ठेवला. पालथा गडी उताणा झाला. “बघा, आता पाठ खाली. बांधा फेटा!” पैलवानांनी वाकून पाठ नीट तपासली आणि नियमाप्रमाणे शिट्टी फुंकली.