शनिवारचा वर्ग

वर्ग सुटला तरी लिफ्टवाला खुर्चीतच बसून राहिला. सर आज काय म्हणाले ते तो मनात घोळवत होता. घरी गेल्यावर उलटतपासणी ठरलेली होती.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी दुपारी निवृत्त प्राध्यापक एका जुन्या इंग्रज कवीच्या कविता समजावून सांगत. समोर पेन्शनर मंडळी, दोन-तीन शिक्षिका, आणि मागच्या रांगेत, लिफ्ट दुरुस्त करून हातांना ग्रीसचा वास येणारा हा एकटा. त्याचं इंग्रजी लिफ्टच्या बटणांपुरतं. कवितेशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. वर्गाची बातमी बायकोनं पेपरात वाचली आणि म्हणाली, "मला जिना उतरवत नाही. माझ्याऐवजी तुम्ही जाल?"

तिची फुप्फुसं साथ देईनाशी झाली होती. तिनं काही मागितलं आणि तो नाही म्हणाला, असं कधी झालं नव्हतं.

"आज काय सांगितलं?" तो चपला काढायच्या आत तिनं विचारलं.

"दैव माणसांना लांब नेतं, म्हणाले. पण परत न यायचा हट्ट माणसाचा स्वतःचा असतो, असं तो कवी म्हणतो. हे सांगताना सरांचा आवाज बसला. चष्मा काढून पुसत राहिले."

ती उशीला टेकून बसली होती. तिनं पांघरुणाची घडी सरळ केली. मग म्हणाली, "त्यांचे केस फार पिकलेत?"

"तुला कविता ऐकायचीय की केसांचं?"

ती हसली आणि खोकल्याची उबळ आली. त्यानं पाठ चोळून दिली.

पुढच्या शनिवारी प्रश्न आणखी वाढले. चहात साखर घेतात का? उभं राहूनच शिकवतात? रागावतात का अजून? त्या 'अजून'पाशी तो अडखळला.

"तू ओळखतेस त्यांना?"

"मला जे काही येतं ते त्यांनीच शिकवलंय."

"विद्यार्थिनी होतीस त्यांची?"

"सगळ्यात लाडकी."

तो स्वयंपाकघरात गेला आणि उगाचच गॅसची शेगडी पुसत बसला. लग्नात तिच्या बाजूचं कोणी नव्हतं. आईवडील गेले, माझं असं कोणी नाही, एवढंच तिनं सांगितलं होतं. त्यानंही खोदून विचारलं नव्हतं. आपल्यासारख्या माणसाला अशी शिकलेली, देखणी बायको मिळाली, यातच तो हरखून गेला होता. ती मधूनच खिडकीपाशी हरवून जायची, तेव्हा त्याला वाटायचं, असेल काही जुनं. आता त्या जुन्याला चेहरा मिळाला होता. चष्मा मिळाला होता.

तरी तो जात राहिला. कारण शनिवारी ती वेणी घालून बसायची आणि दोन घास जास्त खायची.

एकदा ती सहज विचारल्यासारखं म्हणाली, "त्यांच्या मिसेस येतात का कधी?"

"आज आल्या होत्या न्यायला."

"कशा दिसतात आता?"

"म्हाताऱ्या झाल्यात. गुडघे दुखत असावेत, कठडा धरून चढल्या. सरांची पिशवी त्यांनीच घेतली."

तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. तिचे खांदे हलत होते. एवढी वर्षं झाली तरी हिला त्या बाईचा मत्सर वाटतो?

"काय झालं होतं तुमचं?" शेवटी त्यानं विचारलंच.

"मी सोडून गेले. कुणाच्या तरी नादानं, वेड्यासारखी. तो माणूस निघाला फसवा. त्यांना वाटलं मी परत येईन, मला वाटलं ते बोलावतील." तिनं श्वास घेतला. "यापुढचं विचारू नका. तुमच्याशी लग्न केलं ते मनापासून केलंय."

त्यानं विचारलं नाही.

थंडी सुरू झाली तशी तिला बोलतानाही धाप लागू लागली. डॉक्टरांनी त्याला बाहेर बोलावलं आणि खांद्यावर हात ठेवला. "कुणाला कळवायचं असेल तर कळवून टाका."

त्यानं तिला विचारलं. ती म्हणाली, "कुणी नाही." आणि डोळे मिटून घेतले. पापण्यांखालून पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाचा डगला न चढवता तो इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. वाचनालयातून सरांचा पत्ता घेतला. वाटेत दोनदा माघारी वळला. आपल्या बायकोसाठी दुसऱ्या पुरुषाच्या दारात जायचं, हे त्याच्या गळ्याखाली उतरत नव्हतं. पण त्या मिटलेल्या पापण्या डोळ्यांसमोरून हलेनात.

दार सरांनीच उघडलं. "अरे, तुम्ही? मागच्या रांगेतले ना? या, बसा."

तो बसला नाही. "सर, माझी बायको जायच्या वाटेवर आहे. तिचा जीव तुमच्यात अडकलाय. मी काही विचारायला आलो नाही, माझा राग नाही. फक्त एकदा येऊन तिला दिसा."

"तुमचा काहीतरी गैरसमज होतोय."

त्यानं मोबाइलमधला फोटो काढून पुढे धरला. सरांनी चष्मा वर केला. बघितलं. त्यांची मान ताठ झाली. खालच्या रस्त्यावरून एक गाडी हॉर्न वाजवत गेली, तिचा आवाज विरेपर्यंत ते बघतच राहिले.

"मी या बाईंना ओळखत नाही," ते म्हणाले.

"सर, पाया पडतो तुमच्या."

"सांगितलं ना, ओळखत नाही. या तुम्ही."

आतून सरांच्या मिसेस भिंतीला हात टेकत बाहेर आल्या. "कोण आलंय? काय दाखवताहेत ते?" सर काही बोलायच्या आत त्यांनी लिफ्टवाल्याच्या हातातून मोबाइल घेतला, डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

"अहो," त्या म्हणाल्या, "ही आपली चिमी ना? एवढी कशी वाळली हो माझी पोर?"