एकही वळ नाही

डॉक्टरांनी पाठीला नुसतं बोट लावलं आणि धाकटा गुरासारखा ओरडला.

"अंगावर साधा ओरखडा नाही," डॉक्टर म्हणाले. "मी लिहू तरी काय?"

धाकट्याची थोरली बहीण शेजारीच उभी होती. विद्यापीठात प्राध्यापिका. कोठडीतली मारहाण वैद्यकीय तपासणीतून कशी निसटते, याच्या अभ्यासात तिने उमेदीची सगळी वर्षं घालवली होती. या विषयात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आज त्याच विद्येवर भावाचा जीव टांगला होता. कागदावर एक जखम आली, तर न्यायाधीश त्याला पोलिसांच्या हातून काढून घेणार होते. नाही आली, तर तो पुन्हा त्याच कोठडीत.

"ताई, घोंगडीत गुंडाळलं गं मला," धाकटा हुंदके देत म्हणाला. "दोघं पायांवर बसले, तिसरा मारत होता. शुद्ध गेली की तोंडावर पाणी, की पुन्हा सुरू. चोरी कबूल कर म्हणे. केलीच नाही, तर काय कबूल करू?"

तिने बाह्या सरसावल्या. "तळवे बघा, डॉक्टर." तळवे स्वच्छ. "कानांमागे." काही नाही. काखेत, केसांत, नखांच्या मुळाशी. इतकी वर्षं कैद्यांच्या अंगावर शोधून काढलेली एकेक जागा तिने दाखवली, दिवा जवळ धरायला लावला. कूस वळवताना धाकटा दर वेळी कळवळत होता आणि कातडी मात्र साळसूद. शेवटी 'जखम नाही' असं लिहायला डॉक्टरांनी पेन उचललं.

मग तिचा तोल सुटला. दाराशी इन्स्पेक्टर अदबीने उभा होता. तिने त्याची कॉलर धरली आणि थोबाडीत मारली. पुन्हा मारली. ओठ फुटला. डॉक्टरांना दिसेल अशी त्या खोलीतली ती पहिली जखम. जन्मात तिने कोणावर हात उगारला नव्हता, आणि आता तिला थांबावंसंच वाटत नव्हतं.

"बोल! कुठे मारलंस माझ्या भावाला?"

इन्स्पेक्टरने रुमालाने रक्त टिपलं. त्याच्या आवाजात राग औषधालाही नव्हता.

"मॅडम, तुम्ही ओळखलं नाहीत मला. ट्रेनिंगमध्ये आमच्या तुकडीला तुम्हीच शिकवायला होतात. घोंगडीवरून मारलं की वळ उठत नाही, हे सांगितलं होतंत. डॉक्टर कुठे कुठे बघतात, ते फळ्यावर माणूस काढून दाखवलं होतंत. तेवढ्या जागा सोडून, बाकी सगळीकडे."